मास्तरांची सरासरी

दात घासता घासता माणूस किती स्पष्ट बोलू शकतो, हे तिला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कळलं.

"अगं, काल आणखी चार टक्के पडले," न्हाणीघराच्या दारात उभे राहून, तोंडातला फेस सांभाळत मास्तर म्हणाले. "घ्यायचे का?"

"आधी चूळ भरा."

"चूळ भरतो गं. पण घ्यायचे का?"

तिने डबा भरला, झाकण दाबून लावलं आणि कामाचे बूट शोधायला लागली. गेले सहा आठवडे ती हा प्रश्न ऐकत होती. चहाबरोबर, भाजी चिरताना, जिना चढताना. एकदा तर ती खुर्चीवर चढून माळ्यावरून पाण्याचं पिंप उतरवत होती, तेव्हा खाली खुर्ची धरून उभ्या असलेल्या मास्तरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तराच्या नादात खुर्ची सोडली होती.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले मास्तर. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं दुकान होतं. आत एक कापायचं टेबल, दोन मशिनी आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. एवढ्यातच दुकान संपायचं. पूर्वी ते कोट शिवायचे. आता लोक तयार कोट आणायचे आणि तो अंगाला बसत नाही म्हणून मास्तरांकडे द्यायचे. दुसऱ्या कोणीतरी केलेल्या चुका उसवायच्या आणि नीट करायच्या, यातच त्यांचा दिवस जायचा. मधल्या रिकाम्या वेळात हातात फोन. फोनवर बाजार.

आणि बाजार कोसळला होता. टेक्नॉलॉजी कंपन्यांचे जे शेअर वर्षभर कोणाला जुमानत नव्हते, ते हिवाळ्यापासून जे घसरायला लागले ते थांबायचं नाव घेईनात. रोज कोणी ना कोणी तज्ज्ञ पडद्यावर येऊन सांगायचा की आता तळ आला, आणि दुसऱ्या दिवशी त्या तळाला भोक पडायचं.

तिला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण एका गोष्टीत ती सापडली होती. ती ज्या अकरा मजली इमारतीत नोकरीला होती, तिचे सहा मजले एका मोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीकडे होते. त्यामुळे मास्तरांच्या लेखी ती घरातली तज्ज्ञ होती.

"तू तिथेच असतेस दिवसभर. तुला आतलं कळत असणार."

"मी तळघरात असते हो," ती कितव्यांदा तरी सांगायची. "मी चिलर सांभाळते."

ते खरंच होतं. साऱ्या इमारतीला गारवा पुरवणारी ती अवाढव्य यंत्रं तळघरात होती आणि त्यांची देखभाल तिच्याकडे. पंपाचा आवाज बदलला की झोपेतूनही उठेल असे तिचे कान. बाकी कंपनी काय विकते, कोणाला विकते, ते तिला लिफ्टमधल्या पोस्टरवरून कळायचं तेवढंच.

*

मास्तरांच्या साडूने आगीत तेल ओतलं. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रविवारी दोघं नवराबायको जेवायला आले आणि हात धुऊन होतात न होतात तोच त्याने सुरुवात केली.

"सेल लागलाय सेल! चपला स्वस्त झाल्या की तुम्ही लोक रांगा लावता, आणि शेअर स्वस्त झाले की पळ काढता. हे कसलं गणित?"

"चपला निदान पायात घालता येतात," ती म्हणाली.

धाकटी हसली. साडू हसला नाही. मास्तर मान डोलवत होते. सगळ्यांच्या सगळ्या बोलण्यावर मान डोलवायची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकाचं माप घेताना लागलेली.

"टेक्नॉलॉजीशिवाय जग चालणार आहे का? सांगा मला, चालणार आहे?" साडूने ताटापुढे बोट नाचवलं.

"जग चालेल की. पण म्हणून तीच कंपनी चालेल कशावरून? माणसं कपड्यांशिवाय राहत नाहीत, तरी यांचं दुकान बघा."

हे बोलल्यावर तिला वाईट वाटलं, कारण मास्तरांची मान डोलायची थांबली. विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, "बरं, तुम्ही स्वतः घेतलेत का एवढ्यात?"

साडूला अचानक पाणी प्यावंसं वाटलं. पेला रिकामा करून तो म्हणाला, "मी अभ्यास करतोय."

तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण डोक्यात भांड्यांचा ढीग होता.

पैसे कुठले, तेही सांगायला हवं. गेली अकरा वर्षं दोघांनी पोटाला चिमटा काढून एक रक्कम साठवली होती, ती त्या दुकानासाठी. दुकानाच्या मालकीणबाई आता थकल्या होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "विकीन तर आधी तुम्हालाच विचारीन." बँकेत दोघांच्या नावाने दोन मुदत ठेवी होत्या. एक मोठी, एक लहान. दोन्ही मिळून दुकान येत होतं, जेमतेम पण येत होतं.

*

पुढच्या आठवड्यात इमारतीत सातवा मजला बंद झाला. वरून निरोप आला की तिथला गारवा तोडा, पुढची सूचना येईपर्यंत लागणार नाही. ती झडपा बंद करायला वर गेली तेव्हा टेबलं तशीच होती, खुर्च्यांच्या पाठीला कोणाकोणाचे स्वेटर तसेच, एका टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद काळं पडलेलं. माणूस नव्हता. ती झडप बंद करून आली. खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबली, तर तिथे भिंत फोडून नवं यंत्र बसवणं चाललं होतं. कंपनीची मोठी कॉम्प्युटरं त्या मजल्यावर होती. ती इतकी वाढली होती की जुना गारवा पुरत नव्हता.

घरी आल्यावर चेहऱ्यावरून मास्तरांनी ओळखलंच. खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. "सातवा मजला रिकामा केला."

"बाप रे. मग नकोच घ्यायला."

"नका घेऊ."

तिने उसासा सोडला आणि तिथेच चुकली. "दुसऱ्या मजल्यावर मात्र नवं यंत्र बसवतायत. मोठं."

"म्हणजे धंदा वाढतोय! माणसं कमी, मशिनी जास्त. म्हणजे नफा. मग घ्यायला हवेत."

"घ्या मग."

"पण माणसं काढली म्हणजे अडचणीत असणार ना?"

तिने हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली होती. "ऐका. मी 'नको' म्हटलं की तुम्हाला हवे असतात आणि 'घ्या' म्हटलं की तुम्हाला भीती वाटते. आता शेवटचं सांगते. घ्या! थोडे घ्या, हौस भागवा आणि मला मोकळं करा. ती लहान ठेव आहे ना, तिच्यातले घ्या. मोठीला हात लावायचा नाही."

मास्तरांचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो पडला.

"लहान नको," ते म्हणाले.

"का?"

"मोठीतूनच घेऊ थोडे. लहान असू दे."

"अहो, मोठीची मुदत दोन महिन्यांवर आलीय. आत्ता मोडली तर व्याज बुडेल. मोडायचीच तर लहान मोडा, साधा हिशेब आहे."

"असू दे गं ती. एक तरी राहू दे," असं काहीतरी पुटपुटत मास्तर उठले आणि अजिबात गळत नसलेला नळ दुरुस्त करायला गेले.

सहा आठवडे जीव खाल्ला, आणि हो म्हटलं तर हा माणूस नळाशी खेळतोय! तिला हसावं की रडावं कळेना.

*

गुरुवारी मालकीणबाईंचा फोन आला. त्या कधी पाल्हाळ लावत नसत. "बाई, मोबाईल दुरुस्तीवाला एक जण माझ्या मागे लागलाय. रोख देतो म्हणतो. मी तुम्हाला शब्द दिलाय, पण माझीही मुलं विचारतात. पैसे आहेत असं बँकेचं पत्र आणून दाखवा, म्हणजे त्याला वाटेला लावते."

शुक्रवारी दुपारची सुट्टी काढून ती बँकेत गेली. काउंटरवरच्या तरुण कारकुनाने पडद्यावर बघितलं.

"कोणत्या ठेवीचं पत्र हवंय?"

"दोन्हींचं."

"दोन्ही?" त्याने परत बघितलं. "इथे एकच आहे. दुसरी मागच्या उन्हाळ्यात मोडली ना तुम्ही. दोघांपैकी एकाची सही चालते, त्याप्रमाणे." त्याने पडदा किंचित तिच्याकडे वळवला. खाली मास्तरांची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी कात्रीच्या कडीसारखी गोल फिरवलेली.

तिच्या मागे रांगेत तीन माणसं होती. ती म्हणाली, "हो की. विसरलेच बघा." आणि कारकुनाकडे बघून हसली सुद्धा. ते हसू तिने बँकेच्या दारापर्यंत नेलं आणि तिथे टाकून दिलं.

दुकानात शिरली तेव्हा मास्तर टेबलाशी उभे होते. तोंडात टाचण्या, गळ्यात मापाची पट्टी.

"उन्हाळ्यात ठेव मोडलीत?"

तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला बोलता येत नाही. मास्तरांनी एक टाचणी काढली, उशीत खोचली. दुसरी काढली, खोचली. तिसरी. ती हाताची घडी घालून बघत राहिली. तळहाताएवढ्या उशीत टाचणी खोचायला इतका वेळ लागतो, हे तिला नव्यानेच कळत होतं. नऊ झाल्या, दहा झाल्या. अकराव्या टाचणीनंतर काढायला काही उरलं नाही.

"मोडली," मास्तर म्हणाले.

"शेअर घेतलेत?"

"तीन कंपन्यांचे. साडूभाऊ घेत होते, म्हणून मीही. तेव्हा रोज चढत होते गं."

"आता किती राहिलेत?"

"निम्मे."

"निम्मे गेले की निम्मे राहिले?"

"ते एकच ना."

"एकच आहे हे मला कळतं! तुमच्या तोंडून ऐकायचं होतं!" आवाज चढलाय हे तिला कळत होतं, पण तो उतरवायला तिला कारण दिसत नव्हतं. "म्हणजे सहा आठवडे 'घ्यायचे का, घ्यायचे का' म्हणून माझं डोकं खाल्लंत, ते कशासाठी? घेऊन तर बसलाच होता!"

"सरासरी करायची होती," मास्तर खाली बघत म्हणाले. "वरच्या भावाने घेतलेत, आता खालच्या भावाने आणखी घेतले की सरासरी खाली येते. मग थोडे वर आले तरी आपण सुटतो. तू हो म्हणाली असतीस, तर मोठीतून घेऊन, सगळं भरून काढून, तुला कळायच्या आत..."

"कोट कापताना चुकलात तर काय करता हो तुम्ही? आणखी कापड आणता आणि तीच चूक परत कापता?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "नाही. ठिगळ लावतो."

"काका," पडद्यामागून आवाज आला, "मी बाहेर येऊ का? आत फार उकडतंय."

दोघंही दचकली. पडदा सरकला आणि एक तिशीची मुलगी बाहेर आली. अंगात गडद निळा कोट, एका बाहीला टाचण्या, दुसरी बाही लोंबती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायचा तिचा प्रयत्नही नव्हता.

"तुम्ही तळघरातल्या काकू ना?" ती मुलगी म्हणाली. "आम्ही सातव्या मजल्यावर होतो. गारठलो की तुम्हालाच फोन करायचो. आवाज ओळखला."

"रोज अकरा वाजता? ती तूच?"

"मीच. सॉरी." मुलगी ओशाळून हसली. "आता नाही करणार. मला काढलं. सोमवारी मुलाखत आहे, म्हणून हा कोट."

मास्तरांना राहवलं नाही. साप समोर दिसूनही बिळात हात घालावा तसं त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं? वर येतील का कंपनीचे शेअर?"

"अहो!"

"काका, मी तिथे सहा वर्षं काम केलं. बोनस म्हणून मला शेअरच दिले होते, मी एकही विकला नाही. त्या दिवशी साडेचार वाजता मी पुढच्या महिन्याच्या कामाची यादी करत होते. साडेपाचला माझं कार्ड दाराला चालेना." ती टाचण्या लावलेली बाही सांभाळत बोलत होती. "आत बसून मला माझं स्वतःचं कळलं नाही, शेअरचं काय सांगणार? आणि आम्हाला काढल्याची बातमी आली त्या दिवशी भाव चार टक्के चढला."

"चार टक्के?" मास्तरांचे डोळे चमकले.

तिने मास्तरांकडे असं बघितलं की डोळे जागच्या जागी विझले.

"बाही अर्धा इंच आणखी कमी करा काका," मुलगी म्हणाली. "हात पुढे केला की आत गेल्यासारखा दिसतो."

*

घरी येऊन तिने पहिला फोन धाकटीला केला. धाकटी आधी भडकली, की तुझ्या नवऱ्याने माझ्या सरळ माणसाला नादी लावलं. मग फोन तसाच ठेवून साडूला विचारायला गेली. पाच मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. साडूने मास्तरांच्या दुप्पट घातले होते. घसरणीत दोनदा सरासरीही करून झाली होती. ताजे पैसेही त्यात बुडाले होते.

"ताई, मी काय करू?"

"आत्ता काही करू नकोस. आधी जेवायला वाढ, नाहीतर दोघंही उपाशी झोपाल," ती म्हणाली. स्वतः मात्र गॅससुद्धा पेटवला नव्हता.

मास्तर आले, समोर बसले. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती, ती बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी तेच बोलले.

"तुझा पगार एक तारखेला येतो. अकरा वर्षं साठवलं त्यातले चारातले तीन भाग तुझे. मी कधी बोललो नाही. दुकानावर पाटी माझी लागणार, आणि पैसा तुझा. मला वाटलं, एवढं वर्षभर चढतंय, लोक घरबसल्या कमावतायत. आणखी एक भाग तरी मी घालावा. तुला एकदम दाखवायचं होतं."

दुपारपासून तिने मनात रचलेली सगळी वाक्यं, एकाहून एक धारदार, तिथेच पडली. हेच तिला सगळ्यात जास्त खुपलं. या माणसाने पैसे घालवले, वर तिला रागवायची सोयसुद्धा ठेवली नाही!

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" एवढंच ती म्हणाली.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणूनच."

तिने खिचडी टाकली. दोघं जेवली. मग तिने टेबल पुसलं, चष्मा घातला आणि म्हणाली, "आणा तो फोन. एकेक कंपनी सांगा. काय करते, एका दमात सांगायचं. गिऱ्हाइकाला समजेल असं."

पहिली कंपनी मोठ्या कॉम्प्युटरांचे भाग बनवणारी होती. ते मास्तरांनी बरोबर सांगितलं. तसलीच धुडं दुसऱ्या मजल्यावर तापत असतात, हे तिला माहीत होतं. दुसरी दवाखान्यांना नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवायची आणि दरवर्षी त्याचे पैसे घ्यायची. तेही ठीक.

"आणि ही तिसरी?"

"ही क्लाउडमध्ये आहे."

"म्हणजे काय करते?"

"म्हणजे..." मास्तरांनी छताकडे बोट केलं. "वर."

"वर काय?"

"वर सगळं... जोडते. प्लॅटफॉर्म आहे गं तो. साडूभाऊंना नीट माहीत आहे."

साडूला फोन लावला. साडूने दहा मिनिटं सांगितलं. फोन ठेवल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.

तिसरी विकायची ठरली. पहिल्या दोन तशाच राहू द्यायच्या, रोज उघडून बघायच्या नाहीत. दुकान हातात येईपर्यंत नवा पैसा घालायचा नाही, कितीही स्वस्त झाले तरी. दोन महिन्यांत लागणारा पैसा अशा ठिकाणी ठेवायचा नसतो, एवढं तिला शेअरबाजार न शिकताही समजत होतं. आणि दुकान झाल्यावर मास्तरांनी स्वतःच्या कमाईतले थोडे थोडे हवे तर घालावेत, पडत्या बाजारात घालावेत, चढत्या घालावेत, त्यांची मर्जी.

"एकच अट," ती म्हणाली. "मला विचारायचं नाही."

*

मालकीणबाईंपुढे तिने काही लपवलं नाही. एक हिस्सा कमी पडतोय, असं सांगून टाकलं.

"कुठे गेला?"

"शेअरमध्ये."

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "माझ्या ह्यांनी शहामृगांच्या पिलांमध्ये घातले होते. निदान तुमच्या मास्तरांना त्यांना खायला तरी घालावं लागलं नाही!" मग डोळे पुसत तिने दहा महिन्यांची मुदत दिली, किंमत थोडी वाढवली आणि वर दोन कोट फुकट शिवून मागितले. मोबाईलवाल्याला तिने परस्पर वाटेला लावलं.

ते दहा महिने सुखाचे गेले नाहीत. तिने सुट्टीच्या दिवशीही पाळ्या घेतल्या. गुडघे बोलायला लागले. मास्तरांनी मात्र एक गोष्ट केली, जी तिने सांगितलेली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून ते तिच्याच इमारतीत गेले, व्यवस्थापकाला भेटले आणि पहारेकऱ्यांच्या गणवेशाचं काम मागितलं. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी, दारावरच्या पहारेकऱ्याकडून. "तुमच्या साहेबांनी काल माझं माप घेतलं," तो म्हणाला. चाळीस पँटी, चाळीस शर्ट, नंतर सफाईवाल्यांचे डगले. दुकानातली दुसरी मशीन कित्येक वर्षांनी रोज चालायला लागली. भाव बघायला मास्तरांना फुरसत मिळेना. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

खरेदीखताच्या दिवशी नोंदणी कार्यालयात लांबलचक रांग होती. मालकीणबाई बाकावर बसून डुलक्या घेत होत्या. तासाभराने मास्तरांनी कंटाळून फोन काढला, काहीतरी बघितलं आणि त्यांच्या घशातून विचित्र आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांगा."

"नको. तू चिडशील."

"न सांगितलंत तर जास्त चिडेन."

"आपण विकलेली ती तिसरी," मास्तर कुजबुजले. "वर जोडणारी. तिप्पट झाली."

"आणि आपण ठेवलेल्या?"

"पहिली आपल्या भावाला आलीय. दुसरी अजून खालीच."

तिने डोळे मिटले. एक ते दहा मोजले. दहाने भागलं नाही म्हणून वीसपर्यंत गेली. तिने अक्कल लावून ठेवलेल्या दोन कंपन्या जागच्या जागी, आणि कोणालाच काही कळत नाही ती गेली आकाशात! आता हा माणूस म्हातारपणापर्यंत जेवताना हेच सांगणार. नातवंडांना सांगणार. साडू तर ढोल पिटणार. धाकटीने त्यालाही ती विकायला लावली होती.

"एक शब्द बोलाल तर..." तिने सुरुवात केली.

"मी कुठे काय बोलतोय?" मास्तर म्हणाले. "मला आत्ताही माहीत नाही ती काय करते ते."

तिला हसू आलं आणि हसू आलं याचाच राग आला. तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. मालकीणबाईंना जागं करून तिघं खिडकीशी गेली. कारकुनाने कागद पुढे ओढला.

"दोघांच्या नावाने ना? पहिलं नाव कोणाचं लिहू?"

"यांचं," ती म्हणाली. "दुकान यांचं आहे."

"हिचं लिहा," मास्तर म्हणाले.

"अहो, पाटी तुमची, धंदा तुमचा..."

"पाटी असू दे. कागदावर तू पुढे आणि मी मागे. आणि साहेब, दोघांच्या सह्या असल्याशिवाय विकता येणार नाही, असं घालता येतं का त्यात?"

कारकुनाने चष्म्यावरून आधी मास्तरांकडे, मग तिच्याकडे बघितलं. "येतं. पण तुमच्या मागे अजून चौदा माणसं आहेत. ठरवा लवकर."

"काय ते ठरवा बाई," मालकीणबाई म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

मास्तर सरळ उभे होते, हात मागे बांधून. या वेळी ते तिला काही विचारत नव्हते. तिने पेन उचललं, आणि कारकुनाने बोट ठेवलेल्या पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहायला घेतलं.